पांढरे पाय आणि मरीमायचा गाडा

आमच्या घरातल्या जुन्या माणसांना जन्मसाल नव्हतं. पणजोबा छप्पनच्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांचे, आजी मानमोडीच्या आदल्या सालची, तिचा थोरला भाऊ पिलेगात गाव उठलं तेव्हा पाळण्यात. छप्पन म्हणजे विक्रम संवत 1956, इंग्रजी 1899-1900. खानदेशात गुजर-मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती मोठी, त्यामुळे त्यांचा संवत आमच्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी होता. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. त्याने देशभरात कोटीच्या वर माणसं नेली. 1911 ते 1921 या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, आणि शिरगणती सुरू झाल्यापासून असं दशक तेवढं एकच.

एकाच पिढीने एवढी मरणं पाहिल्यावर ‘हे आमच्याच वाट्याला का?’ हा प्रश्न ओसरीवर कायमचा मुक्कामाला असणारच. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात त्याची तीन-चार उत्तरं होती आणि ती एकमेकांशी मुळीच जुळत नव्हती. एकच म्हातारी सकाळी म्हणायची ‘देवीचा कोप’, दुपारी ‘ज्याचं त्याचं करम’, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ‘देवाला डोळे नाहीत’. शाळेत विज्ञान शिकणाऱ्या मला तो अडाणीपणा वाटायचा. पण या उत्तरांना उपयोग होते, आणि बायकांना ते पक्के ठाऊक होते.

धाकली माय ही पणजोबांच्या धाकट्या भावाची बायको. मी तिला पाहिली ती पार वाकलेली, तरी धान्य पाखडताना सुपाचा ताल न चुकणारी. मुंबईच्या मांडवीत 1896 च्या सप्टेंबरात निघालेला प्लेग रेल्वेने खानदेशात उतरला. भुसावळचं जंक्शन, जळगावची कापसाची पेठ, त्याला वाट सोपीच होती. पुढे पंधरा-वीस वर्षं तो थंडी पडली की परत यायचा. घरात उंदीर पडला की गाव उठे. माणसं शेतात पऱ्हाट्यांच्या झोपड्या घालून राहत, आणि मागे धाब्याच्या घरांना छतातून भोकं पाडून ऊन आत सोडलं जाई. अशाच एका झोपडीत धाकलीचा नवरा गेला. काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

तेरावं व्हायच्या आत सासूने, म्हणजे माझ्या खापरपणजीने, चुलीपाशी बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ही पांढऱ्या पायाची आली आणि माझा पोरगा खाल्ला. झालं, शिक्का बसला. आमच्यात पाट लागत असे, विधवेने दुसरा घरोबा करण्यात कमीपणा नव्हता. पण पांढऱ्या पायाच्या बाईला कोण विचारणार? पुढची साठ-पासष्ट वर्षं ती त्याच घरात राबली. लग्नाच्या हळदीला तिला बोलावत नसत. हळद दळायला मात्र बोलावत.

मी एकदा तिला थेटच विचारलं, तुला वाईट नाही का वाटलं गं? सुपातले खडे वेचत ती म्हणाली, “माह्या पायानं मराले तो का उंदीर व्हता?”

मग तिने जे सांगितलं ते कोणा शास्त्र्याच्या तोडीचं होतं. सासूचा सख्खा भाऊ रावेरकडे त्याच महिन्यात गाठीनेच गेला. “तठी तं माहे पाय गेले नव्हते.” आणि पुढे: “ज्याचं करम त्याच्यापाशी. त्याचं सरलं, तो गेला.”

कीर्तनकार सांगतात तो हिशेब आपल्याला पाठ असतो. जन्मोजन्मींचा साठा ते संचित, त्यातून या जन्मी भोगायला निघालेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता हातून घडतंय ते क्रियमाण. हा हिशेब दुःखी माणसाला ‘तूच कधीतरी पाप केलंस’ असं सांगतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो, आणि चिडावंच. पण धाकलीने तो उलट्या बाजूने धरला. प्रत्येकाचं प्रारब्ध ज्याचं त्याचं असेल, तर नवऱ्याचं मरण बायकोच्या पायांतून कसं येईल? सासूने लावलेला आरोप तिने सासूच्याच शास्त्राने उडवून लावला. सासू ऐकून गप्प बसली का, असं मी विचारलं तेव्हा धाकली हसली. सासूला हे ती कधी बोललीच नव्हती. मनात म्हणायची, आणि दळण दळायची.

आमच्याच जिल्ह्यातली, जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी. ऐन तिशीत वैधव्य आलं, आणि प्लेगने थोरल्या ओंकारला जन्माचं अपंगत्व दिलं. तिच्या एका कवितेत विधवा बाई हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला दारातूनच वाटेला लावते. बहिणाबाई 1951 मध्ये गेली आणि तिची गाणी पुस्तकरूपाने आली ती 1952 मध्ये. धाकलीला वाचता येत नव्हतं, तेव्हा तिने ती कविता वाचली असण्याचा प्रश्नच नाही. हे दोघींनी आपापल्या चुलीपुढे काढलेलं उत्तर आहे.

पटकीचं गणित मात्र निराळं. प्लेग सरकारी रोग, बंगल्यातला साहेब आणि त्याचे शिपाई घेऊन आलेला. पटकी ही घरची, मरीमाय. तिच्या बाबतीत एकट्यादुकट्या माणसाचं पाप कोणी काढत नसे. माय कोपली ती सगळ्या गावावर. मग गाव वर्गणी काढायचं, लाकडाचा हातभर गाडा करायचं, त्यात हिरवी चोळी घातलेली बाहुली, लिंबाचा पाला, हळदकुंकू, नारळ, कोंबडं. रात्री वाजतगाजत गाडा शिवेपलीकडे नेऊन ठेवायचा आणि मागे वळून न पाहता परत यायचं. पलीकडच्या गावाला त्याची कुणकुण लागलेली असे, त्यामुळे तिथले लोक काठ्या घेऊन शिवेवर उभे. मग रात्रीतून गाडा आणखी पुढच्या गावाच्या हद्दीत. आजी हे सांगताना हसून लोटपोट व्हायची: “मायले एका रातीत तीन गावं दाखवली!”

गाड्यात बसवून वाटेला लावता येते ती देवी माणसाला परवडते. रुसलेल्या पाहुणीची समजूत काढावी तशी तिची साडीचोळी करता येते, पाया पडता येतं, ‘परत येऊ नको’ असंही सांगता येतं. मागल्या जन्मीच्या पापाला असं काहीच सांगता येत नाही. म्हणून बायकांना करमापेक्षा देवी बरी वाटे, असा माझा समज आहे. देवी आलेल्या, म्हणजे गोवर-कांजिण्या नव्हे, खऱ्या मोठ्या देवी आलेल्या पोराला त्या तसंच वागवत. उशाशी लिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, मोठ्याने बोलणं बंद. पोर पापी नव्हतं, त्याच्या अंगात माय उतरली होती. 1975 मध्ये देशातला शेवटचा देवीचा रोगी नोंदला गेला. आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या चेहऱ्यांवर तेव्हाही वण होते, आणि त्या वणांची कोणाला लाज वाटलेली मी पाहिली नाही.

मरीमायच्या गोष्टीतला एक तपशील मात्र आजी घाईने उरकायची. गाडा ओढायचा कोणी? महारवाड्यातल्या किंवा मांगवाड्यातल्या माणसांनी. आसूड स्वतःच्या अंगावर ओढणारा पोतराजही तिथलाच. कोप सगळ्या गावावर, वर्गणी सगळ्या गावाची, आणि पटकीच्या वाऱ्यात रात्रभर चालायचं एका वाड्याने. पलीकडच्या काठ्याही त्यांच्याच पाठीवर पडत. हे काम त्यांच्याकडे का, असं विचारलं की उत्तर तयार: त्यांचे भोग. धाकलीला सोडवणारं करम इथे दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवायला कामी येत होतं.

धुळ्याहून आग्रा रोडने दक्षिणेला निघालं की लळिंगचा किल्ला लागतो. तिथल्या लांडोर बंगल्यात 31 जुलै 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. धुळ्याच्या कोर्टात एका खटल्यासाठी आले होते. आजही दर 31 जुलैला तिथे माणसांची रीघ लागते. त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये निघालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथात त्यांनी करमाच्या या सिद्धांताच्या वर्मावर बोट ठेवलं आहे. गरिबाच्या हालाचं कारण त्याच्या मागल्या जन्मात शोधलं की राज्याला आणि समाजाला आपली जबाबदारी झटकता येते, आणि एवढ्या निर्दय सिद्धांताचा दुसरा हेतू त्यांना दिसत नाही. मरीमायच्या गाड्याची गोष्ट माझ्या डोक्यात त्या पानाशेजारी जाऊन बसली आहे.

खानदेशची म्हणून जी संत आहे तिची कथाच मुळी शिक्षेची आहे. मुक्ताई. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन पुन्हा संसारात परतले, हा त्यांचा गुन्हा. आळंदीच्या ब्रह्मवृंदाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि परंपरा म्हणते की आईबापांनी ते घेतलंही. शिक्षा तिथे संपायला हवी होती. पण चार पोरांना कोरान्न मागत हिंडावं लागलं, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत चालावं लागलं. संन्याशाची पोरं. बापाचं पाप लेकरांनी फेडायचं, हा न्याय. पुढे 1297 मध्ये तापीकाठी मेहुणला वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, अशी कथा. एदलाबादचं आता मुक्ताईनगर झालं आहे, आणि तिथून पंढरपूरला निघणारी तिची पालखी फार लांबचा पल्ला चालते.

आषाढीला आमच्याकडे तिचे ताटीचे अभंग म्हणत. लोकांच्या टोमण्यांनी ज्ञानदेव दुखावले, झोपडीचं दार लावून बसले, आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते आहे, हा प्रसंग. मला त्यात सापडलेली गोष्ट अशी. हे आपल्या आईबापांचं पाप आहे, सोसूया, असं ती भावाला सांगत नाही. मागल्या जन्माचंही काढत नाही. अपराध लोकांचा आहे, आणि तो तू पोटात घाल, असा तिचा सूर आहे. अपराधाचा मालक तिने बदलून टाकला. सोसायचं आहेच, पण गुन्हेगार म्हणून नव्हे. म्हाताऱ्या बायका टाळ वाजवत हे म्हणायच्या तेव्हा धाकली मागच्या खांबाला टेकून बसलेली असायची. तिला काय वाटत असेल याचा अंदाज मी करणार नाही. एवढं खरं की त्या रात्री ती सगळ्यांत उशिरा उठायची.

आईचे वडील, आमचे नाना, अमळनेर तालुक्यात प्राथमिक शिक्षक. खादीवाले, साने गुरुजींचं नाव काढलं की डोळे भरून येणारे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे नाना असं सांगत की जणू कागद त्यांनीच पुरवले होते. त्यांच्या ट्रंकेत ‘गीता प्रवचने’ची अगदी खिळखिळी झालेली प्रत होती. कर्म म्हणजे आज हातात असलेलं काम, असं ते आम्हाला शिकवत. मागच्या जन्माची चौकशी त्यांना आवडत नसे. वर्गात एखादं पोर लंगडं असलं आणि दुसरं त्याला चिडवून ‘याने पाप केलंय’ म्हणालं, की नाना चिडवणाऱ्याला उभं करत आणि विचारत, “तू पाहिलंस?”

पण त्यांचीही एक ठसठस होती. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं गेली, आणि गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापलाही. रवींद्रनाथांचं म्हणणं साधं होतं: निसर्गातल्या उलथापालथीची कारणं निसर्गातच शोधावीत. शिवाय हा युक्तिवाद गांधीजींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच जास्त सोयीचा आहे. उद्या तेही म्हणतील की तुम्ही अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणून धरणी कोपली.

नाना दोघांचेही भक्त. हा वाद ते सांगत आणि सांगून झाल्यावर चष्मा पुसत बसत. गांधीजींचा हेतू चांगला होता, अस्पृश्यता हे पापच आहे, हे ते दोनदा म्हणत. मग एकदा मामाने विचारलं, “पण नाना, भूकंपात हरिजनांची घरंही पडली असतील ना?” नाना म्हणाले, “पडली असतील.” त्यापुढे त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि उसनं काही आणून त्यांनी ते झाकलंही नाही. मला नाना त्या दिवशी फार आवडले.

नानांच्या शेजारी एक रंगारी चाचा राहायचे. त्यांचा तरणा मुलगा विहिरीत पडून गेला तेव्हा लोक भेटायला येत आणि जाताना काहीबाही कारणं सांगून जात. चाचा हजरत अय्यूबांचं नाव घेत. संपत्ती गेली, लेकरं गेली, अंगाला किडे पडले, आणि गुन्हा काहीच नव्हता, आजमाइश होती. नानांनी त्यावर राजा हरिश्चंद्राची गोष्ट काढली. स्मशानात राखण करणाऱ्या हरिश्चंद्राने तरी कोणतं पाप केलं होतं? दोघे म्हातारे ओट्यावर बसून एकमेकांना आपापल्या धर्मातले निरपराधी मोजून दाखवत होते. परीक्षा घेणारा देव शिक्षा देणाऱ्या देवापेक्षा बरा, एवढंच मी म्हणेन. पोरगा विहिरीत पाडून बापाची परीक्षा घेणारा देव मला तरी पटलेला नाही.

आणि उलट बाजूही आहेच. पाऊस ओढला की आमच्या गावात पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी काढत, घरोघर त्याच्यावर पाणी ओतत. तरीही ढग आले नाहीत तर महादेवाचा गाभारा घागरी-घागरींनी भरून पिंड बुडवून टाकत. बसू दे बुडून, पाऊस पाडल्याशिवाय बाहेर काढायचा नाही! देव पाण्यात ठेवणं हे आपण निवडणुकीच्या निकालालाही म्हणतो. गावात ते खरोखर करत. कोपणाऱ्या देवाला कोंडून घालायची छाती त्याच माणसांना होती जी एरवी सगळं आपल्याच पापाने झालं म्हणत हात जोडत. शास्त्रात याला काय आधार आहे ते गुरवाला विचारायचं कोणाला सुचत नसे, कारण पहिली घागर गुरवाचीच असे.

1972 चा दुष्काळ मी स्वतः पाहिला. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, दुपारी मिळणारी सुकडी, रेशनची तांबडी मिलो ज्वारी, जी भाकरीला थापली की फुटायची. धाकली तेव्हा ऐंशीच्या घरात. छप्पन तिने परकर नेसायच्या वयात पाहिलेला: बापाबरोबर खडीच्या कामावर जाऊन बसलेली, चिंचेचा पाला शिजवून खाल्लेली, सातपुड्यातून उतरलेले भिल्ल वाटेतच पडलेले पाहिलेली. मी तिला म्हटलं, दोन्हींत फरक काय? ती म्हणाली, “छप्पनले देव कोपला म्हनत, आता बीडीओ कोपला म्हनता.” मग जरा थांबून, “बीडीओले शिव्या तं देता येतात.”

हे तिचं बोलणं मी पुढे अनेक भाषणांत वापरलं आणि प्रत्येक वेळी हशा मिळवला. पण त्यात हसण्यापलीकडचं बरंच आहे. दुष्काळात काम मागणं हा हक्क आहे, असा रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये महाराष्ट्राने केला. छप्पनच्या खडीवर बसलेल्या कोणाला तसा हक्क मागायचं सुचलं नसतं. पापाच्या फेडीत हक्क कसला?

धाकली गेली त्याला आता अर्धं शतक झालं. पाप शोधणं मात्र चालू आहे, फक्त त्याला आता दक्षिणा आणि आगाऊ नोंदणी लागते. आमच्याच नात्यात एकाच्या धंद्यात खोट आली तेव्हा पितृदोष निघाला. कुटुंब त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून आलं. माझ्या स्वतःच्या आजारपणातही एक हितचिंतक कुळाचार कधी मोडला याची चौकशी करून गेले. कानबाईचा रोट एका श्रावणात झाला नव्हता, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं.

माझी भाची चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, सिकलसेलचं समुपदेशन करते. पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पोराचे सांधे ठणकतात, रक्त उतरतं. दोष आईबापांकडूनच येतो, म्हणजे जुन्या माणसांच्या ‘आईबापाचं लेकराला’ या म्हणण्याला अगदी जुळणारा. फरक एवढाच की यात अपराध कोणाचाच नाही. उलट ज्याच्यात हा दोष एकेरी असतो तो मलेरियाला जास्त तोंड देतो, म्हणूनच हा दोष डोंगरातल्या तापाच्या मुलखांत टिकून राहिला.

हे भाची चार्टवर न दाखवता दाण्यांवर दाखवते. बापापुढे एक मक्याचा आणि एक तुरीचा दाणा, आईपुढेही तसेच. लेकराने प्रत्येकाकडून एकेक उचलायचा. दोन्ही तुरीचे आले तर आजार, एक तुरीचा आला तर नुसता वाहक, दोन्ही मक्याचे आले तर काहीच नाही. आजाराची शक्यता दर खेपेला चारांत एक. तपासणीला बहुधा बायकाच येतात, पोर कडेवर आणि सासू बरोबर. सासूने आधीच निकाल लावलेला असतो की ही घरात आली आणि हे आलं.

मागच्या हिवाळ्यात अशीच एक सासू दाण्यांकडे बराच वेळ पाहत बसली, असं भाचीने सांगितलं. मग तिने बापापुढचा तुरीचा दाणा बोटाने पुढे सरकवून विचारलं, हा माझ्या पोराचा? भाची म्हणाली, हो आजी, हा त्याचा. तो नसता तर आजार आलाच नसता. म्हातारी उठली, दारापर्यंत गेली आणि बाहेर मोटरसायकलवर मोबाइल पाहत बसलेल्या पोराला ओरडून म्हणाली, आत ये, तुझंबी रक्त काढायचंय.